अकादमीच्या पोरांना संधी: हिशेब नेमका कशाचा?

प्रशिक्षक अकादमीच्या, म्हणजे क्लबाच्या युवा प्रशिक्षण शाळेच्या, मुलांना पुरेसे खेळवतो का, हा वाद प्रीमियर लीगमध्ये, इंग्लंडच्या अव्वल फुटबॉल लीगमध्ये, दर हंगामात होतो आणि बहुतेक वेळा ‘होम-ग्रोन’ (शब्दशः, घरी घडलेला) या शब्दापाशी येऊन अडकतो.

२०१०-११ पासून क्लब हंगामासाठी २५ जणांची यादी देतात. होम-ग्रोन नसलेले त्यात जास्तीत जास्त १७. उरलेल्या ८ जागा होम-ग्रोन खेळाडूंनी भरायच्या, नाहीतर रिकाम्या ठेवायच्या. २१ वर्षांखालच्या मुलांची नावे या यादीत घालावीच लागत नाहीत. त्यामुळे ‘यादीत जागा नव्हती’ ही सबब १९ वर्षांच्या पोराबाबत सांगता येत नाही.

घोळ आहे तो शब्दात. होम-ग्रोन म्हणजे त्याच क्लबात घडलेला नव्हे, आणि इंग्लिश तर नव्हेच. एकविशीच्या आत इंग्लंड किंवा वेल्समधल्या कोणत्याही क्लबात ३ हंगाम किंवा ३६ महिने नोंदणी, एवढीच अट. बार्सिलोनात वाढलेला स्पॅनिश मध्यरक्षक २००३ मध्ये १६ व्या वर्षी आर्सेनलला आला आणि अटीत बसला. पुढे २०१४ मध्ये तो बार्सिलोनाहून चेल्सीला गेला, तेव्हाही होम-ग्रोनच. त्याच उन्हाळ्यात टॉटनहॅमने घेतलेला बचावपटू मात्र जन्माने चेल्टनमचा, पण लिस्बनमध्ये घडलेला. नंतर तो इंग्लंडकडून खेळला, पण या मोजणीत बाहेरचा ठरला! युरोपीय स्पर्धांची अट जास्त कडक आहे: ८ पैकी ४ जण १५ ते २१ या वयात त्याच क्लबात ३ वर्षे घडलेले हवेत. चाहते हे दोन्ही आकडे मिसळतात आणि मग कोणताही प्रशिक्षक हवा तसा रंगवता येतो. १६ वर्षांच्या परदेशी मुलाला आणण्याची वाट जानेवारी २०२१ पासून, ब्रेक्झिटमुळे, बंद झाली.

मँचेस्टर युनायटेडच्या प्रत्येक सामन्याच्या चमूत १९३७ पासून अकादमीचा किमान एक खेळाडू असतो, हे अभिमानाने सांगितले जाते. पण चमूत असणे आणि मैदानात असणे यात फरक आहे.

चेल्सीचे उदाहरण जास्त बोलके. २०१४ ते २०१८ सलग ५ वेळा त्यांच्या पोरांनी युवा चषक जिंकला, तरी वरच्या संघात जवळपास कोणी टिकले नाही. दरवर्षी डझनावारी मुले लोनवर, म्हणजे तात्पुरती दुसऱ्या क्लबात, जात. २०१९ च्या उन्हाळ्यात क्लबावर नवे खेळाडू नोंदवण्याची बंदी आली आणि त्या हंगामात अकादमीचे चौघे नियमित दिसू लागले. श्रेय प्रशिक्षकाला मिळाले, पण खरे काम बंदीने केले. त्या चौघांतले दोघे आदल्या वर्षी डर्बी या क्लबात लोनवर याच प्रशिक्षकाच्या हाताखाली खेळले होते, म्हणजे पारख आधीच झालेली. आता तर हिशेबच उलटा फिरला आहे. अकादमीतल्या खेळाडूची पुस्तकी किंमत (हिशेबवहीत नोंदलेली खरेदीची किंमत) शून्य असते, त्यामुळे त्याच्या विक्रीची रक्कम जवळपास सगळी नफ्यात धरली जाते. लीगच्या आर्थिक मर्यादांत राहावे लागणाऱ्या क्लबाला घरचाच पोरगा विकणे सर्वांत सोयीचे. मुलगा चमकला की प्रशिक्षकाला हवासा होतो, आणि हिशेबनीसालाही.

२०२२-२३ पासून बाकावरच्या ९ जणांतून ५ बदली खेळाडू उतरवता येतात. पदार्पणे यामुळे सोपी झाली, म्हणून पदार्पणांची संख्या फसवी आहे. ३-० आघाडीवर ८८ व्या मिनिटाला उतरलेला पोरगाही त्यात मोजला जातो. पाहायचे असेल तर सामना एका गोलाच्या फरकावर असताना त्याला किती मिनिटे मिळाली ते पाहावे. तिथेही जागेचा फरक पडतो. विंगरची (कडेने चढाई करणाऱ्याची) चूक झाकता येते, सेंटर बॅकची (मधल्या बचावपटूची) थेट गोलात मोजली जाते, आणि चालू सामन्यात बचावाची जोडी सहसा कोणी मोडत नाही. त्यामुळे १९ वर्षांचा विंगर पंधरा सामन्यांत चमकून जातो, त्याच वयाचा सेंटर बॅक लोनवर असतो. २०१९ च्या चौघांतला सेंटर बॅकही ब्रायटन, हल आणि डर्बी असे ३ क्लब फिरूनच परतला होता.