फुल झाली म्हणजे अल्ट्रा अर्धी झाली, असं नसतं

कोल्हापुरात रंकाळ्यावर पहाटे पळणाऱ्यांत असा एखादा दरवर्षी भेटतोच. फुल मॅरेथॉन झालेली असते, मेडल घरात सगळ्यांना दिसेल असं टांगलेलं असतं आणि आता अल्ट्राचा, म्हणजे मॅरेथॉनहून लांबच्या शर्यतीचा, फॉर्म भरलाय म्हणून तो सांगतो. तयारी काय, विचारलं की उत्तर ठरलेलं: "भावा, बेचाळीस झालंय की. आता तेच जरा वाढवायचं." मग पुढचे चार महिने तेच जरा वाढत राहतं. रविवारचा ३२ किलोमीटरचा लाँग रन ३८ होतो, ३८ चा ४५ होतो, कुठंतरी गुडघा कुरकुरायला लागतो आणि घरातले बोलायला लागतात. मला हे बघवत नाही, कारण यातले बरेच जण माझ्याहून चांगले पळणारे असतात. मेहनत कुठंच कमी पडत नाही. पेपर एका विषयाचा असतो आणि अभ्यास दुसऱ्याच विषयाचा चाललेला असतो.

नावांचा घोळ आधी उरकून घेतो. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये धावलं गेलं आणि १९२१ मध्ये नियम म्हणून पक्कं झालं. त्यामुळे फ्लेक्सवर '५ किलोमीटर मॅरेथॉन' छापलेलं दिसलं की मला आजही त्रास होतो. पाच किलोमीटरची शर्यत चांगलीच असते, तिला तिच्या नावानं बोलवावं. ४२.१९५ च्या पुढे जे काही आहे ते अल्ट्रा: ५० किलोमीटर, १०० किलोमीटर, १०० मैल, किंवा १२ आणि २४ तासांत जितकं होईल तितकं. अल्ट्रा म्हणजे डोंगरच, हाही गैरसमज आहे. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स १९२१ पासून होते आणि ती डर्बन आणि पीटरमॅरित्झबर्ग यांच्यामध्ये डांबरी रस्त्यावर असते, साधारणपणे एका वर्षी चढाची बाजू, पुढच्या वर्षी उताराची. उलट साताऱ्याची हिल मॅरेथॉन यवतेश्वरच्या घाटात होते, पण अंतर हाफचंच. डोंगर आणि अंतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फुलची तयारी तुम्हाला माहीत आहे. सोळा-अठरा आठवडे, एक दिवस इंटरव्हल (थोडं जोरात पळायचं, दम घ्यायचा, पुन्हा तेच), एक दिवस टेम्पो (जरा दमवणाऱ्या वेगानं सलग), रविवारी लाँग रन, तो ३०-३२ पर्यंत न्यायचा आणि शेवटचे दोन-तीन आठवडे टेपर, म्हणजे पळणं कमी करत जायचं. सगळ्याचा रोख एकच असतो, ठरवलेला पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारी मिनिटं, शेवटपर्यंत टिकला पाहिजे. मॅरेथॉन ही मुळात वेगाचीच शर्यत आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, म्हणजे आपल्या राजाराम कॉलेजच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं त्याच ऑलिंपिकमध्ये, एमिल झाटोपेकनं ५,००० आणि १०,००० मीटर जिंकले, मग आयुष्यातली पहिली मॅरेथॉन पळला आणि तीही जिंकली. ट्रॅकवर कमावलेला वेग त्याला ४२ किलोमीटर पुरला. आपलंही लहान प्रमाणात तसंच असतं, दहा किलोमीटरची वेळ सुधारली की फुलची सुधारते. तिथंपर्यंत 'वेग वाढव, अंतर वाढव' हे चालून जातं.

अल्ट्राला ते का चालत नाही, याचं गणित मी प्रत्येकाला करून दाखवतो.

समजा तुमची फुल साडेचार तासांची आहे. पेस आला ६:२४. कॉम्रेड्सचं अंतर वर्षागणिक थोडं बदलतं, आपण ८७ किलोमीटर धरू. वेळेची मर्यादा, म्हणजे कटऑफ, १२ तास. आता आपला गडी काय करतो, तर ८७ ला ६:२४ नं गुणतो आणि सव्वानऊ तास काढतो. हातात पावणेतीन तास शिल्लक दिसतात. मग तो म्हणतो, जरा हळू पळू, पावणेसातनं जाऊ, तरी आरामात होतंय. कागदावर यात काहीच चूक दिसत नाही. पण पावणेसातचा पेस त्याला पन्नास-पंचावन्न किलोमीटरपर्यंतच साथ देतो. तिथून पुढे मांड्या दगड होतात, पळणं बंद पडतं, आणि चालायची सवय नसल्यामुळे चालणंही बारा-तेरा मिनिटांचं होतं. उरलेले ३२ किलोमीटर तेरा मिनिटांनी चालले तर जवळजवळ सात तास लागतात. कटऑफ तिथंच गेला.

आता दुसरा हिशोब. २५ मिनिटं ७:१५ च्या पेसनं पळायचं, ५ मिनिटं दहाच्या पेसनं झपाझप चालायचं, आणि हे पहिल्या अर्ध्या तासापासून करायचं. अर्ध्या तासात ३.९५ किलोमीटर होतात. सरासरी ७:३६. या सरासरीनं ८७ किलोमीटर अकरा तासांत होतात आणि पाणी, खाणं, बुटात गेलेला खडा काढणं, यासाठी एक तास उरतो. माणूस तोच, पाय तेच.

लोक अडखळतात ते इथंच. फुलमध्ये चालावं लागलं म्हणजे बिघडलं, हे डोक्यात इतकं घट्ट बसलेलं असतं की अल्ट्रातही ते चालणं शेवटावर ढकलतात. दमल्यावर चालणं आणि दमण्याआधी चालणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. दमल्यावर चालता तेव्हा जे मोडलंय ते मोडलेलंच राहतं. आधीपासून चालता तेव्हा पळण्याचे स्नायू मोडायची वेळ तासन्‌तास पुढे जाते, खाल्लेलं पोटात ठरतं, चढावर नाडी आटोक्यात राहते. मी तर याच्या पुढे जाऊन सांगेन: ज्यानं चालण्याचा सराव केलेला नाही त्यानं अल्ट्राचा फॉर्म भरू नये. दहाच्या पेसनं चालणं सोपं वाटतं, रंकाळ्याला एक फेरी तशी मारून बघा. नडग्या पेटतात.

चालायला मी शिकलो जोतिबाच्या डोंगरावर. रविवार जोतिबाचा वार, पहाटेपासून आजूबाजूच्या गावांतली माणसं पायी डोंगर चढत असतात. पन्नाशी-साठीच्या बाया नऊवारीत, हातात पिशवी, एका लयीत, न थांबता. माझ्या पहिल्या अल्ट्राच्या आधी मी त्या चढावर पळत होतो आणि वळणावळणावर धापा टाकत थांबत होतो. त्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "बाळा, पळतोयस कशाला, वर जायाचं हाय न्हवं?" माथ्यावर मी त्यांच्यापुढे फार तर पाच मिनिटं होतो, आणि त्या बोलत बोलत आल्या होत्या. त्या दिवसापासून खड्या चढावर मी पळत नाही, शर्यत असो वा सराव.

यातून तयारीचं मापही बदलतं. फुलला किलोमीटर मोजा, अल्ट्राला तास मोजा. पाय किती वेळ उभे राहिले, हा खरा प्रश्न आहे. म्हणून ४५-५० किलोमीटरचा एकच रन काढण्याला माझा ठाम विरोध आहे. त्यातून सावरायला दोन आठवडे जातात आणि त्या दोन आठवड्यांत तुम्ही काहीच करू शकत नाही. त्याऐवजी लागोपाठचे दोन दिवस घ्या. मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत काम करतो, शनिवारी पहिली पाळी करून घरी येतो आणि संध्याकाळी दोन तास पळतो. रविवारी पहाटे पाचला शिवाजी पुलावरून निघून केर्लीमार्गे पन्हाळ्याच्या वाटेला चार तास. रविवारचा पहिला तास कालच्या जड पायांवर जातो, आणि शिकायचं असतं ते नेमकं हेच: अल्ट्राच्या सहाव्या तासाला पाय कसे वाटतात ते, पण सहा तास सलग न पळता. शिवाय मी साडेनऊला घरी असतो. मुलीचा रविवार बुडत नाही, आईला दवाखान्यात न्यायचं असेल तर नेता येतं. एकसलग सात तासांचा रविवार घरात खपतो पहिल्या महिन्यापुरता, पुढे नाही. आणि पाळीतले आठ तास उभं राहणंही मी हिशोबात धरतो. बैठं काम करणाऱ्यानं शनिवारी दुपारी तासभर बाजारात पिशवी घेऊन पायी फिरावं, तेही सरावातच जमा होतं.

इंटरव्हल पूर्ण सोडा असं मी म्हणत नाही. दोन आठवड्यांतून एकदा पुरे. घड्याळातला पेस रोज ग्रुपवर टाकायची सवय मात्र खरंच सोडा. अल्ट्राच्या तयारीत आठवड्यातले बहुतेक रन इतके हळू असतात की त्यांचा पेस कुणाला दाखवावासा वाटत नाही, आणि ग्रुपच्या भीतीनं माणूस ते वेगानं पळतो.

खाण्याचा फरक सांगायला सोपा आहे, पाळायला अवघड. पळताना ढोबळमानानं वजनाच्या किलोमागे दर किलोमीटरला एक कॅलरी लागते. ६५ किलोच्या माणसाला फुलसाठी साधारण २,७०० कॅलरी. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीरानं साठवलेल्या साखरेचा, साठा दीड ते दोन हजार कॅलरींचा, म्हणून तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरला भिंत येते, ताकद एकदम संपते, आणि पळताना खायच्या साखरेच्या दोन-तीन जेलवर ती निभावते. ८७ किलोमीटरला साडेपाच हजारांवर लागतात. एवढं जेलवर ओढायला गेलात तर पोट बंड करतं. हळू पेसला शरीर निम्म्याहून जास्त काम चरबीवर चालवतं, आणि वरून तासाला ६० ग्रॅमच्या आसपास पिष्टमय पदार्थ जात राहिले तर हिशोब बसतो. हे पोटाला शिकवावं लागतं, रविवारी पळता पळता. मी मीठ लावलेले उकडलेले बटाटे, राजगिऱ्याचे लाडू, केळी आणि गूळ नेतो. आपल्याकडच्या गुळाइतकं सोयीचं मला बाजारात अजून काही मिळालेलं नाही, फक्त उन्हात तो पातळ होतो म्हणून डबीत ठेवा. लाँग रननंतर कट्ट्यावर धारोष्ण दूध आणि मिसळ हे खुशाल करा. पळताना मात्र तिखट आणि दूध दोन्ही नको.

दोन गोष्टी कळकळीनं. तहान नसताना लिटरच्या लिटर साधं पाणी पिऊ नका. रक्तातलं सोडियम घसरतं, मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं सुरू होतं आणि हे जिवावर बेतू शकतं. आणि शर्यतीआधी किंवा मध्येच आयबुप्रोफेनसारखी दुखण्याची गोळी घेऊ नका. घाम गेलेल्या शरीरात ती मूत्रपिंडावर ताण आणते. हे मी एका ५० किलोमीटरच्या शर्यतीत शेजारच्याला करताना पाहिलंय. शेवटी त्याला सलाइन लावावं लागलं होतं.

उतार राहिलाच. पन्हाळा आजूबाजूच्या सपाटीपासून चारशे मीटरहून जास्त उंच आहे. चढताना दम लागतो म्हणून सगळे चढाला घाबरतात, पाय मोडतात ते उतारावर. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात आणि त्यातच त्यांचे बारीक तंतू फाटतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतं. चांगली बाब अशी की एकदा हे झालं की पुढचे काही आठवडे तोच उतार तेवढा त्रास देत नाही. म्हणून शर्यतीच्या तीन-चार आठवडे आधी पन्हाळ्याचा उतार मी दोनदा तरी पूर्ण पळत उतरतो. फुलच्या तयारीत याची गरज क्वचित पडते. गळीत हंगामात मात्र या रस्त्यावर पहाटे उसाच्या ट्रॉल्या असतात. कानात इअरफोन घालून तिथं पळणाऱ्याला मी थांबवून काढायला लावतो, ओळख असो नसो.

जुलैतल्या पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला गेलेल्यांना यातलं बरंच आधीच ठाऊक असतं. १६६० च्या त्या पावसाळी रात्रीची वाट आजही मसाई पठारावरून चिखलातून जाते. दोन दिवस ओल्या मोज्यांत चालणं, चालता चालता खाणं, पायाची कातडी सांभाळणं, झोप अर्धी. चार तासांची फुल मारणाऱ्यापेक्षा ही मोहीम तीन-चारदा केलेला माणूस अल्ट्राला जास्त तयार असतो, असं माझं मत आहे. त्याला फक्त थोडं पळायला शिकवायचं असतं.

यंदाचा आमचा गडी ४ तास १० मिनिटांची फुल घेऊन आलाय. परवा त्यानं ३८ चा रन काढला आणि अभिमानानं सांगितलं. मी त्याला पुढचा ४५ चा रद्द करायला लावला. तो येत्या शनिवारी संध्याकाळी सहाला रंकाळ्यावर येणार आहे आणि रविवारी पहाटे पाचला शिवाजी पुलावर. पेस दाखवणारं घड्याळ घरी ठेवून साधं घड्याळ बांधून ये म्हटलंय. बटाटे मी उकडून आणतो.