हंडा कधी जातो?

शहापुरातल्या आमच्या गल्लीत एका घरातून पितळी हंडा गेला. कुलूप शाबूत, कडी शाबूत. दोन दिवसांनी गुजरीवाल्याकडे, म्हणजे भंगारवाल्याकडे, तो चेपलेला सापडला. चोर घरातलाच, धाकटा. ‘काय सांगू ओ, मागितले असते तर दिले नसते काय पैसे?’ आई म्हणाली. तिनं दिलेही होते, तीनदा.

बेळगावच्या पेपरात बातम्या बहुधा गांजाच्या असतात. हा पोरगा मुंबईला कामाला गेला होता, तिथून गर्द घेऊन आला. गर्द म्हणजे ब्राउन शुगर, भेसळीचं हेरॉइन.

नशेत माणूस पिसाळतो आणि गुन्हे करतो, असं आपण धरून चालतो. दारूच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. गर्दुल्ला मात्र नशा चढली की भिंतीला टेकून पेंगतो. हंडा जातो तो नशा उतरताना.

मेंदूच्या देठात नॉरॲड्रेनॅलिन सोडणारा पेशींचा एक पुंजका असतो. तो आपल्याला जागं, सावध ठेवतो. हेरॉइन त्याला दाबून टाकतं. रोज दाब पडू लागला की तो पुंजकाही तितकाच जोर लावायला शिकतो. मग एखाद्या दिवशी पुडी मिळाली नाही की, विहिरीत पोहायला शिकताना पाण्याखाली दाबलेला भोपळा हातातून सुटावा, तसा तो उसळतो. शेवटच्या डोसनंतर 6 ते 12 तासांत जांभया, गळणारं नाक, अंगावर काटा, जुलाब, ठणकणारी हाडं. व्यसनी याला ‘टर्की’ म्हणतात. दोन-तीन दिवसांनी कळस होतो, आठवडाभरात बरंचसं ओसरतं. पण तिसऱ्या दिवसापर्यंत थांबतो कोण? सुरुवातीला मजेसाठी ओढलेली पुडी आता नुसतं उभं राहण्यासाठी लागते.

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात 243 व्यसनी पुरुषांचा 11 वर्षांचा हिशेब मांडला गेला. व्यसन चालू असताना वर्षातले सरासरी 248 दिवस ते काही ना काही गुन्हा करत. व्यसन सुटलेल्या काळात हेच दिवस 41 वर आले. शून्यावर नाही, हे लक्षात घ्या. कित्येकांचे हात हेरॉइनच्या आधीपासूनच चलाख असतात. हेरॉइन त्या सवयीला गुणतं.

मग टाका हिंडलग्याच्या तुरुंगात, असं गल्लीत सगळेच म्हणतात. तुरुंगात पुडी तुटली की शरीराची गर्द पचवायची ताकद उतरते. सुटलेला माणूस जुन्या मापानं ओढतो आणि श्वास थांबतो. वॉशिंग्टन राज्यातल्या 2007 च्या अभ्यासात, सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अतिमात्रेनं मरण्याचा धोका सामान्य लोकांच्या 129 पट निघाला.

आपल्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यातलं कलम 64अ फारसं कुणाला ठाऊक नसतं. सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या आरोपातला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेऊ लागला, तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. हंड्याची चोरी मात्र त्यात माफ नाही.

उपचारात ब्युप्रेनॉर्फिन देतात. ते मेंदूत हेरॉइनच्याच जागी घट्ट बसतं, पण अर्धवटच काम करतं. टर्की दिवसभर दूर राहते, पेंगही येत नाही. ‘एक नशा सोडून दुसरी’ म्हणून लोक नाकं मुरडतात. मला ते पटत नाही. दिवसभर पुडीमागं धावायचं नसलं की माणूस कामावर जाऊ शकतो. गोळी जिभेखाली विरघळायला पाच-दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ नर्ससमोर गप्प बसायचं, गोळी गिळायची नाही.