विमानतळांमधलं अंतर आणि उड्डाणवेळ

दोन विमानतळांमधलं अंतर म्हणजे दोघांच्या ठरवून दिलेल्या संदर्भबिंदूंमधलं पृथ्वीच्या पृष्ठभागावरचं सगळ्यात कमी अंतर, म्हणजे ग्रेट सर्कलचा (बृहद्वृत्ताचा) तुकडा. रस्त्याच्या किलोमीटरशी त्याचं काही देणंघेणं नाही. मोजतात नॉटिकल मैलात, १ मैल म्हणजे १८५२ मीटर, हे १९२९ च्या मोनॅको परिषदेत ठरलं, पण ब्रिटनने आपला ६०८० फुटांचा मैल १९७० पर्यंत सोडला नाही, त्यामुळे जुने तक्ते वापरताना मैलामागे १.२ मीटरचा फरक धरावा लागतो.

अंतर काढायचं नेहमीचं सूत्र हॅव्हरसाइन, याच नावाच्या त्रिकोणमितीतल्या राशीवर उभं. ते कोणाचं यावर घोळ आहे. मेंडोझा इ रिओस या स्पॅनिश खगोलज्ञाने १८०१ मध्ये ही राशी वापरली, जेम्स अँड्र्यूने १८०५ च्या सुमारास तक्ते छापले, आणि हॅव्हरसाइन हे नाव जेम्स इन्मनने १८३५ मध्ये दिलं. म्हणजे नाव एकाचं, पद्धत दुसऱ्याची, तेव्हा सगळं श्रेय इन्मनला द्यायची जुनी सवय सोडलेली बरी. ही राशी म्हणजे उत्क्रमज्येची (१ वजा कोसाइन) निम्मी, आणि उत्क्रमज्येचा तक्ता सूर्यसिद्धांतात आहे (काळ साधारण ४थं-५वं शतक म्हणतात, पण हाती असलेली प्रत त्यानंतरची असावी). थेट धागा जोडता येत नाही, कल्पना मात्र तीच.

जवळच्या विमानतळांसाठी हे सूत्र का, ते उदाहरणाने पटतं. १ अंशाचं अंतर म्हणजे साधारण १११ किमी. साध्या कोसाइन सूत्राने पाच दशांश स्थळांच्या तक्त्यातून गेलात तर १ अंशाचा कोसाइन म्हणून ०.९९९८५ हाती येतं, आणि त्यावरून उलटं अंतर काढलं तर उत्तर १०८ पासून ११२ किमीपर्यंत काहीही निघू शकतं. हॅव्हरसाइनमध्ये हा झोल होत नाही. अर्थात दोन्हीत पृथ्वी ६३७१ किमी त्रिज्येचा गोल धरलेली असते, ध्रुवांकडचा चपटेपणा धरायचा तर व्हिन्सेंटीची १९७५ ची पद्धत घ्यायची. गोल धरल्याने चूक फार तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास.

वेळापत्रकातली वेळ ही ब्लॉक टाइम असते, म्हणजे विमान उभ्या जागेवरून हललं तिथपासून पुन्हा थांबलं तिथपर्यंत. एटीआर ७२ हे पंख्यांचं (प्रोपेलरचं) विमान ताशी साधारण ५०० किमीने जातं, तर ३०० किमीला भागाकाराने ३६ मिनिटं, छापतात मात्र तासभर. टॅक्सी (विमानाचं जमिनीवरचं चालणं), चढण, वाऱ्याच्या दिशेमुळे उलट्या बाजूने उतरायला मारलेला वळसा, सगळं त्यात. जेट इथे फार वेळ वाचवत नाही, पूर्ण वेग गाठेपर्यंत उतरायची वेळ येते.

वाऱ्याचं गणित थोडं फसवं आहे. त्याच ३०० किमीवर ताशी ६० किमीचा वारा समोरून असेल तर नुसत्या भागाकाराने ४१ मिनिटं, पाठीशी असेल तर ३२. जाऊन-येऊन ७३, आणि वारा नसता तर ७२, म्हणजे येताना मिळालेली सूट जातानाचा तोटा कधीच पुरता भरून काढत नाही.