उरलेल्या जमिनीवरचा हिवाळा

२०२० च्या जनगणनेनुसार ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइट गावाची लोकसंख्या २,४१३ आहे. उन्हाळ्यात पारा ४२-४३ अंशांवर गेला की त्यातलेही बरेच जण गाव सोडतात. जानेवारीत मात्र गावाच्या दक्षिणेला, ९५ क्रमांकाच्या महामार्गाच्या दोन्ही अंगांना, पांढऱ्या गाड्यांची वस्ती पसरलेली असते. मोटरहोम (गाडीतच घर), ट्रेलर, पिकअपच्या मागच्या हौद्यात जोडलेले ‘फिफ्थ व्हील’ जातीचे मोठे ट्रेलर, मधूनच एखादी जुनी रंग दिलेली बस. माणसं बहुतेक साठीपलीकडची, मिनेसोटा, आयोवा, माँटाना किंवा कॅनडातल्या अल्बर्टा-सस्कॅचेवानसारख्या बर्फाच्या मुलखांतून आलेली. अमेरिकेत यांना ‘स्नोबर्ड्स’ म्हणतात. एका हिवाळ्यात इथे दहा लाख माणसं येऊन जातात, असा आकडा बऱ्याच ठिकाणी छापून येतो. मला तो सढळ हाताने सांगितलेला वाटतो, पण गाव फुगतं हे खरंच.

का येतात, याचं उत्तर सोपं आहे: ऊन. जानेवारीतल्या दुपारी वीस अंशांच्या आसपास, कोरडी हवा, पाऊस नावापुरता. पण ऊन फ्लोरिडातही आहे. वाळवंटातच हजारो पेन्शनर चार-पाच महिने तळ ठोकून कसे राहू शकतात, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर हवामानात कमी आणि जमिनीच्या जुन्या कायद्यांत जास्त आहे.

१८६२ च्या होमस्टेड कायद्याने अमेरिकन सरकार कसणाऱ्याला १६० एकर जमीन देत होतं. ओलिताच्या प्रदेशात ही जमीन झपाट्याने गेली. कोलोरॅडो नदीच्या पूर्वेच्या या माळावर, जिथे वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो, १६० एकरांत एक कुटुंब काय, चार शेळ्याही धड जगल्या नसत्या. १८७७ मध्ये खास वाळवंटी जमिनींसाठी कायदा झाला, ६४० एकर मिळू लागले, पण पाणी ज्याचं त्याने आणायचं. ते आणणार कुठून? म्हणून ही जमीन कुणी मागितलीच नाही आणि सरकारकडेच राहिली. ‘कुणी मागितली नाही’ हेही गोऱ्या वसाहतवाल्यांपुरतं खरं. मोहावी आणि चेमेव्हेवी हे मूळनिवासी लोक इथल्या नदीकाठी आधीपासून राहत होते, आणि १८६५ मध्ये त्यांच्यासाठी नदीला लागून राखीव प्रदेश आखण्यात आला. आजही तो क्वार्ट्झसाइटच्या शेजारीच आहे.

१९३४ च्या टेलर ग्रेझिंग कायद्याने उरलेल्या सरकारी माळांवरच्या चराईला शिस्त लावली. १९४६ मध्ये जमीन वाटणारं जुनं खातं आणि चराईचं खातं एकत्र करून ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम, स्थापन झालं. आज या खात्याकडे सुमारे २४ कोटी ५० लाख एकर जमीन आहे. आपल्याकडच्या गायरानासारखीच तिची गत: मालकी सरकारची, वापर सगळ्यांचा, आणि जोवर गर्दी होत नाही तोवर कुणी विचारायला येत नाही. १९७६ च्या कायद्याने ठरलं की ही जमीन यापुढे साधारणपणे वाटून टाकायची नाही, सरकारने ती कायमची सांभाळायची. क्वार्ट्झसाइटच्या माळावर आज जे गॅसच्या शेगडीवर कॉफी उकळत बसलेले दिसतात, ते या तरतुदीवर बसलेले आहेत.

गावाचा स्वतःचा इतिहास तसा थोडकाच. १८५६ मध्ये चार्ल्स टायसन नावाच्या माणसाने इथे एक छोटी गढी बांधली. तिथल्या विहिरीमुळे पुढे घोडागाड्यांचा थांबा झाला. आसपास सोन्याच्या खाणी आल्या आणि गेल्या. गावातलं सर्वांत प्रसिद्ध थडगं मात्र एका उंटवाल्याचं आहे. अमेरिकन लष्कराने १८५६ मध्ये वाळवंटात ओझी वाहायला उंट आणून पाहिले. त्यांच्याबरोबर आलेल्या हाजी अलीला सैनिकांनी ‘हाय जॉली’ करून टाकलं. यादवी युद्धात तो प्रयोग बारगळला, उंट विकले गेले, काही मोकळे सुटले. हाजी अली इथेच राहिला, १९०२ मध्ये इथेच वारला. १९३५ मध्ये त्याच्या थडग्यावर दगडी पिरॅमिड उभारून वर धातूचा उंट बसवला गेला. हिवाळी पाहुणे तिथे फोटो काढतात. दुरून येऊन या माळावर राहिलेला तो त्यांचा पूर्वजच म्हणायचा.

गाडीत घर घालून हिवाळा काढण्याची सवय मात्र वाळवंटात जन्मली नाही. १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टँपा इथे ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ नावाची संघटना निघाली. डब्यातलं अन्न खाणारे, गाडीच्या रेडिएटरच्या टोपणावर रिकामा डबा झाळून ओळख पटवणारे हे लोक. गावांनी आधी त्यांना हौसेने मैदानं दिली, पुढे त्यांची कटकट वाटू लागली. हे चक्र पुढे पुन्हा पुन्हा दिसतं. १९३६ मध्ये वॉली बायमने आपल्या एअरस्ट्रीम कंपनीचा चकचकीत ॲल्युमिनियमचा ‘क्लिपर’ ट्रेलर आणला, आणि पन्नाशीच्या दशकात ट्रेलरांचे तांडेच्या तांडे दूरच्या सफरींवर काढून दाखवले. त्या तांड्यांमुळे पडलेली एक सवय अजून टिकून आहे: एकट्याने नाही, ओळखीच्या गाड्यांनी मिळून जायचं. १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्ग बांधायला घेतले. १९६६ मध्ये आयोवातल्या विनेबागो कंपनीने मोटरहोम कारखान्यात एकामागून एक काढायला सुरुवात केली, आणि मध्यमवर्गीय निवृत्त जोडप्याला ते परवडू लागलं.

पैशांची बाजू अनेकदा सांगायची राहून जाते. सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे सरकारी पेन्शनचा, कायदा १९३५ चा. पहिला मासिक धनादेश १९४० मध्ये निघाला तो २२ डॉलर ५४ सेंटचा. त्यावर कोण वाळवंटात मजा करणार? पण १९६१ पर्यंत पुरुषांनाही ६२ व्या वर्षी, थोडी कमी का होईना, पेन्शन घेता येऊ लागली. १९६५ मध्ये मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, आलं. १९७२ च्या दुरुस्तीने पेन्शन महागाईबरोबर आपोआप वाढेल अशी सोय केली. मूळ गावापासून दोन हजार किलोमीटरवरच्या माळावर बसूनही म्हातारपणाची हमी तुटत नाही, ही गोष्ट या काळात पक्की झाली. त्यातच १९७३ चं तेलसंकट आलं. मोटरहोम पेट्रोल ढोसतं, तेव्हा फिरत राहण्यापेक्षा एका जागी उभं राहणं स्वस्त. लांब मुक्कामाची चाल याच दशकात पसरली, त्यात या हिशेबाचाही वाटा असावा, असं मला वाटतं.

क्वार्ट्झसाइटने त्याला निमित्त दिलं. १९६७ मध्ये गावच्या संस्थेने रत्नं आणि खनिजांचं प्रदर्शन भरवलं, ‘पाऊवाऊ’ या नावाने. छंदी माणसं दगड विकायला आणि बघायला आली, तंबू वाढले, मग जुन्या हत्यारांपासून आरव्हीच्या (अशा घरगाड्यांना तिकडे हेच म्हणतात) सुट्या भागांपर्यंत सगळ्याची जत्रा भरू लागली. सत्तरीच्या दशकाअखेर माळावर इतक्या गाड्या साठू लागल्या की बीएलएमला जाग आली. खात्याचा नियम साधा: एका जागी २८ दिवसांत १४ दिवस राहा, मग हला. म्हातारी मंडळी हलत नव्हती. सांडपाणी, कचरा, कुठेही पाडलेल्या चाकोऱ्या. वाळवंटाच्या कातडीवर पडलेली चाकोरी बुजायला दशकं लागतात.

सरकार इथे हाकलाहाकली करू शकलं असतं. १९८३ मध्ये त्याने वेगळा मार्ग काढला. ठरावीक पट्टे आखून दिले, त्यांना ‘लाँग टर्म व्हिजिटर एरिया’ म्हटलं, आणि बाकीचा नाजूक माळ वाचवला. आज कॅलिफोर्निया-ॲरिझोनाच्या सीमाभागात असे सात पट्टे आहेत. क्वार्ट्झसाइटच्या दक्षिणेचा ला पोसा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध, ११ हजार एकरांहून मोठा. हंगाम १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल. पूर्ण हंगामाचा परवाना बरीच वर्षं १८० डॉलरला मिळत आला, म्हणजे महिन्याला २६ डॉलरच्या आत. त्यात पाणी भरायची जागा, मैल्याच्या टाक्या रिकामी करायची सोय आणि कचऱ्याचे डबे. वीज नाही, नळजोडणी नाही. अशा राहण्याला ‘बूनडॉकिंग’ म्हणतात. छतावरच्या सौर पट्ट्या इथे फार लवकर दिसू लागल्या. त्यामागे पर्यावरणप्रेमापेक्षा शेजाऱ्याच्या जनरेटरचा वैताग जास्त असावा. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची, हा नियम आहेच.

नियम म्हणतो, दोन गाड्यांत किमान १५ फूट अंतर हवं. मंडळी ते पाळून गोल करतात. पाच-दहा गाड्या वर्तुळात, दारं आतल्या बाजूला, मध्ये शेकोटी. उंच काठीवर झेंडा, म्हणजे उशिरा येणाऱ्या मित्रांना सारख्याच दिसणाऱ्या माळात आपला अड्डा सापडावा. दिवसा दगड वेचायला जाणं, पत्ते, कुणाच्या तरी पाण्याच्या पंपाची दुरुस्ती; संध्याकाळी ज्याने त्याने आणलेलं एकत्र जेवण. दातांचं काम निघालं तर दीड-दोन तासांवर सीमेपलीकडे मेक्सिकोतलं लॉस अल्गोडोनेस, जिथे दंतवैद्यांचीच बाजारपेठ आहे. कॅनडावाल्यांचा एक डोळा कॅलेंडरवर: अमेरिकेत साधारण सहा महिन्यांपलीकडे राहता येत नाही, आणि आपल्या प्रांताचा आरोग्यविमा टिकवायचा तर घरी परतून पुरेसे दिवस काढावे लागतात.

ही मैत्री वरवर वाटते तितकी आपोआप जमलेली नाही. १९७८ मध्ये जो आणि के पीटरसन या दांपत्याने सुरू केलेला ‘एस्केपीज’ हा गाडीत राहणाऱ्यांचा क्लब पाहिला तर कळतं की तिला केवढी यंत्रणा लागते. घर विकलेल्या माणसाला पत्ता लागतो: मतदानाला, गाडीच्या नोंदणीला, बँकेला. क्लबने टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टन गावी टपाल गोळा करून पुढे धाडण्याची व्यवस्था केली, आणि हजारो फिरस्त्यांचा कायदेशीर मुक्काम अशा गावात झाला जिथे ते क्वचितच असतात. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, हेही त्यात आलंच.

काहींना एवढेही नियम नको असतात. ते पश्चिमेला कॅलिफोर्नियात, स्लॅब सिटीला जातात. दुसऱ्या महायुद्धात तिथे मरीन सैनिकांची छावणी होती, कँप डनलॅप. छावणी मोडली, सिमेंटचे चौथरे राहिले, त्यांवर गाड्या उभ्या राहिल्या. भाडं नाही, परवाना नाही, पाण्याची सोयही नाही. लेनर्ड नाइट या माणसाने १९८४ पासून तिथे मातीच्या टेकडीवर रंग ओतून ‘साल्व्हेशन माउंटन’ घडवला. बघायला सगळे जातात. राहायला मात्र पेन्शनर बहुधा ला पोसाच पसंत करतात. मैला टाकायची सोय ही म्हातारपणी स्वातंत्र्याइतकीच महत्त्वाची असते.

२००८ च्या मंदीनंतर माळावरची माणसं बदलू लागली. घर बँकेकडे गेलेले, पेन्शन अपुरी पडणारे, जुन्या व्हॅनमध्ये गादी टाकून आलेले. हौसेने आलेल्यांच्या गाडीची किंमत कधी यांच्या गेलेल्या घराएवढी. ॲमेझॉनने अशा फिरत्या ज्येष्ठांना सणासुदीच्या हंगामात गोदामांत कामाला लावणारी खास योजनाही चालवली. नाताळ आटोपला की ते इथे परतत. त्यांच्यामागून आता लॅपटॉपवर नोकरी करणारे तिशीतले आले आहेत.

गोल करून राहणाऱ्या जुन्या मंडळींपुढचा प्रश्न वेगळाच आहे. गाडी चालवता येईनाशी झाली की काय? लिव्हिंग्स्टनला एस्केपीजने त्यासाठीही सोय केली आहे. आपली आरव्ही तिथे उभी करायची, तिच्यातच राहायचं, तीन वेळचं जेवण आणि दिवसभराची देखभाल शेजारच्या इमारतीत मिळते. ते गाव पूर्व टेक्सासच्या पाइनच्या रानात आहे, वाळवंटापासून पुष्कळ लांब.