आप्रेशनच्या कागदावर नेमकं लिहिलेलं काय असतं?

आपल्याकडं कुणाचंही आप्रेशन झालं की पाहुण्यांना सांगायचे शब्द ठरलेले असतात, ‘पिशवी काढली’, ‘हर्नियाचं केलं’, ‘दुर्बिणीनं केलं’, बस. पण उद्या तोच पेशंट बीडहून संभाजीनगरला घाटीत (तिथल्या सरकारी दवाखान्यात) न्यायची वेळ आली की तिथले डॉक्टर आधी डिस्चार्ज कार्ड मागतात, कारण खरं काय झालं ते त्यावरच्या शब्दांत असतं.

हे शब्द दिसायला अवघड, पण मेन माल शेपटीला असतो. शेवटी एक्टॉमी असलं तर काहीतरी कापून काढलंय, जसं अपेंडिक्सची अपेंडिसेक्टॉमी. ऑटॉमी म्हणजे नुसता छेद, पोट उघडलं की लॅपरॉटॉमी. ऑस्टॉमी म्हणजे शरीराला नवीन तोंड काढून दिलं, कोलोस्टॉमीत मोठ्या आतड्याचं तोंड पोटावर आणतात आणि संडास तिथं लावलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत जमा होते.

हर्नियाचं बघा. लहान लेकराचा असला तर बहुतेक वेळा हर्नियोटॉमी, म्हणजे खाली उतरलेली पडद्याची थैली बांधून कापली की काम झालं. मोठ्या माणसाची पोटाची भिंतच कमजोर झालेली असते त्यामुळं तिथं बहुतेकदा हर्नियोप्लास्टी, म्हणजे आत जाळी बसवलेली, बहुतेक पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकची. ती आयुष्यभर आत राहते, म्हणून पुढं कधी त्याच जागी सूज आली, पू झाला तर ‘जाळी टाकलीय’ हे डॉक्टरला माहीत पाहिजे, नुसतं ‘हर्नियाचं झालंय’ सांगून भागत नाही.

अवजारांच्या नावातही असाच फरक आहे. थेटरात सिस्टरकडं ‘कोकर’ मागितलं की जो चिमटा हातात येतो त्याच्या टोकाला दात असतात, एकदा धरलं की सुटत नाही, पण त्यानं आतडं धरलं तर भोकच पडायचं. (थिओडोर कोकर हे थायरॉइडवरच्या कामासाठी 1909 चं नोबेल मिळालेले स्विस सर्जन, नाव त्यांचंच.) नाजूक जागी बॅबकॉक लागतो, त्याचं टोक गोलसर, मधी पोकळ आणि बिनदाताचं. बायांच्या कुटुंबनियोजनाच्या टाक्याच्या आप्रेशनात गर्भनळी वर उचलतात ती बहुतेक यानंच.

आता पिशवीचं, आणि हे जरा नीट वाचा. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढायचा विषय पार विधिमंडळात गेला, सरकारनं चौकशी समितीही नेमली. गरज होती का नव्हती ही एक बाजू झाली, पण काढलं नेमकं काय हे कित्येक बायांना आजही माहीत नसतं असं मला वाटतं. कार्डावर ‘टोटल हिस्टेरेक्टॉमी’ असलं तर लोक समजतात सगळंच काढलं, तसं नाही. टोटल म्हणजे गर्भपिशवी आणि पिशवीचं तोंड, अंडाशय त्यात येतच नाही. ‘सबटोटल’ असलं तर तोंड आत ठेवलेलं असतं, मग पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी पुढंही करत राहावी लागते. आणि अंडाशय काढले असले तर पुढं वेगळा शब्द जोडलेला असतो, ऊफोरेक्टॉमी, किंवा शॉर्टमधी बीएसओ, म्हणजे दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि दोन्ही अंडाशय.

ही तीन अक्षरं तिशी-पस्तिशीतल्या बाईच्या कार्डावर असली तर विषय गंभीर आहे, कारण पाळी जायच्या आधीच दोन्ही अंडाशय निघाले की इस्ट्रोजेन हे बाईचं हार्मोन एकदम पडतं, अंगातून गरम वाफा निघतात, झोप उडते, हाडं लवकर ठिसूळ व्हायला लागतात. अंडाशय ठेवले असले तर पाळी बंद झाली तरी हार्मोन बनत राहतात. म्हणजे दोघी जावांची ‘पिशवी काढलेली’ असली तरी एकीला हाडांची तपासणी आणि हार्मोनच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरला लगेच विचारायची गरज असते, दुसरीला कदाचित नसते, आणि कोणाला आहे ते कार्ड बघूनच कळतं. कार्ड हरवलं असलं तर जिथं आप्रेशन झालं तिथून नक्कल मागा, पिशवी तपासायला लॅबला पाठवली असली तर तो रिपोर्टही घ्या, त्यातही काय काय आलं होतं ते लिहिलेलं असतं.