हार्ट फेल्युअरमधली पॅलिएटिव्ह केअर आणि पुन्हा पुन्हा अ‍ॅडमिट होणं
हार्ट फेल्युअरच्या पेशंटचा दम, दुखणं, भीती, झोपमोड कमी व्हावी म्हणून नेहमीच्या ट्रीटमेंटच्या जोडीने जी काळजी घेतात ती पॅलिएटिव्ह केअर. गोळ्या बंद होत नाहीत, कार्डिओलॉजिस्ट सुटत नाही, त्यामुळे "डॉक्टरांनी हात टेकले" असा अर्थ घरच्यांनी अजिबात काढू नये.

या आजारात हृदयाचं पंपिंग कमी पडतं, अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, रात्री आडवं झालं की धाप लागते म्हणून उशांवर उशा रचून बसल्या बसल्याच झोपायचं, मग अ‍ॅडमिट, इंजेक्शन देऊन पाणी काढलं की घरी, आणि थोड्या दिवसांनी परत तेच. अमेरिकेत मेडिकेअरच्या, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विम्याच्या, अशा पेशंटपैकी साधारण पाचातला एक तरी डिस्चार्जनंतर 30 दिवसांच्या आत परत येतो. ऑक्टोबर 2012 पासून तिथे रीअ‍ॅडमिशन जास्त असलेल्या हॉस्पिटलांचे पैसे कापतात, सुरुवातीला 1 आणि नंतर 3 टक्क्यांपर्यंत, तेव्हा पॅलिएटिव्ह केअरने हा आकडा खाली येतो का याकडेही लक्ष गेलं.

नेहमीच्या ट्रीटमेंटला पॅलिएटिव्ह केअर जोडून बघणाऱ्या, अमेरिकेतल्या ड्यूक युनिव्हर्सिटीच्या पाल-एचएफ ट्रायलमध्ये 150 पेशंट होते, निकाल 2017 चा. सहा महिन्यांत जगणं सुसह्य झालं, डिप्रेशन आणि काळजी कमी झाली, पण अ‍ॅडमिशनमध्ये म्हणावा तसा फरक पडला नाही. हाँगकाँगमध्ये मात्र डिस्चार्जनंतर घरी भेटी आणि फोन ठेवले, तिथे दोन्ही गट मिळून 84 पेशंट होते, 12 आठवड्यांत परत आलेले या गटात 33.6 टक्के, नेहमीच्या पद्धतीत 61 टक्के. स्वीडनच्या 72 जणांच्या ट्रायलमध्येही घरी टीम जायची, आणि त्या गटात अ‍ॅडमिशन 15, नेहमीच्या पद्धतीत 53.

माझ्या मते घरी येणारी नर्स हाच इथला कळीचा मुद्दा आहे. ती रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, खाण्याआधी वजन करायला लावते, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं की डॉक्टरांना विचारून अंगातलं पाणी काढणाऱ्या गोळीचा डोस बदलतो, आणि रात्री दोनला अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची वेळ टळू शकते. छातीत शॉक देणारं मशीन बसवलेलं असेल तर शेवटच्या दिवसांत त्याचे शॉक चालू ठेवायचे का, हेही पेशंट शुद्धीवर असतानाच विचारून ठेवतात.

आपल्याकडे अशी काळजी घेणारं मुंबईचं शांती अवेदना सदन 1986 मध्ये सुरू झालं ते कॅन्सर पेशंटसाठी. महाराष्ट्राने 2012 मध्ये पॅलिएटिव्ह केअरचं धोरण आणलं, तरी ही सेवा बरीचशी कॅन्सरभोवतीच राहिली, आणि धाप लागून वारंवार अ‍ॅडमिट होणाऱ्या पेशंटला तिचं नाव कुणी सांगतच नाही, ते पहिल्या-दुसऱ्या अ‍ॅडमिशनलाच सांगायला हवं.