पुन्हा वाचू नका, आठवून पाहा

परीक्षा जवळ आली की तोच धडा चार-पाच वेळा वाचायचा, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारायच्या आणि मजकूर न अडखळता डोळ्यांखालून जाऊ लागला की तो पाठ झाला असे समजायचे, ही अभ्यासाची सर्वांत रूढ पद्धत आहे. तिच्यातली गफलत अशी, की समोरचा मजकूर ओळखणे आणि समोर काहीच नसताना तो आठवणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि पुनर्वाचनाने मुख्यतः पहिलेच सोपे होते.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना दोन उतारे दिले होते. एक दोनदा वाचायचा होता; दुसरा एकदाच वाचून, नंतर न पाहता आठवेल तेवढा लिहून काढायचा होता. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत दोनदा वाचलेला उतारा सरस ठरला (८१ टक्के विरुद्ध ७५). आठवड्यानंतर मात्र पारडे फिरले: वाचलेल्यातले ४२ टक्के, तर आठवून लिहिलेल्यातले ५६ टक्के शिल्लक होते.

असे का व्हावे? रॉबर्ट आणि एलिझाबेथ बियॉर्क या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीनुसार प्रत्येक आठवणीला दोन स्वतंत्र मापे असतात: ती किती खोल रुजली आहे आणि या क्षणी किती सहज हाती लागते. नुकतेच वाचलेले सहज हाती लागते, म्हणूनच ते तेव्हा आठवण्याने रुजण्यात फारशी भर पडत नाही. सहजता घसरल्यानंतर, थोडे झगडून जे आठवते, ते सर्वाधिक रुजते. म्हणजे थोडे विसरणे हा अभ्यासातला अडथळा नसून त्याची गरजच आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून विस्मरणाचा वक्र, म्हणजे काळ जाईल तसे किती विसरले जाते याचा आलेख, मांडला. त्यानेही उजळणी एका बैठकीत उरकण्यापेक्षा दिवसांत विभागलेली बरी, असे नोंदवले होते.

मेंदूचा केवळ दहा टक्के भाग वापरला जातो, हे निखालस खोटे विधान छापून स्मरणशक्तीची औषधे विकणाऱ्यांना या कष्टाच्या उपायात अर्थातच रस नसतो.

प्रत्यक्षात पद्धत साधी आहे. रक्ताभिसरण वाचून झाले की पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर रक्ताचा मार्ग लिहावा. हृदयाच्या उजव्या निलयातून (खालच्या कप्प्यातून) रक्त फुप्फुसांकडे जाते इथपर्यंत लेखणी चालते. परतलेले रक्त डाव्या अलिंदात (वरच्या कप्प्यात) येते की निलयात, येथे ती थबकते. याच ठिकाणी पुस्तक उघडण्याचा मोह थोडा वेळ आवरावा, उत्तर लिहावे आणि मगच पडताळून पाहावे, कारण न तपासलेली चूकही तितक्याच निष्ठेने पक्की होऊ शकते. दुसऱ्या दिवशी आणि मग तीन-चार दिवसांनी हेच पुन्हा करावे. काहीच आठवले नाही, तर मधले अंतर फार लांबले असे समजून ते कमी करावे.